संगणक नवा झाला, हिशेब जुनाच राहू द्या!

दिवाळीच्या तोंडावर फडताळ आवरायला काढले की एक गोष्ट हमखास होते. फळ्या पुसून, नवे कागद घालून, डबे ओळीने लावून आपण समाधानाने हात धुतो, आणि दुसऱ्या दिवशी ऐन फोडणीच्या वेळी हळदच सापडत नाही. हळद घरातून गेलेली नसते. ती नेहमीच्या जागी नसते, एवढेच! पण तोवर तेल तापून धूर निघतो आणि आपला जीव वरखाली होतो.

घरातला संगणक 'अपडेट' झाला की पुष्कळ मैत्रिणींची अशीच त्रेधा उडते. रात्री "अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका" अशी पाटी येते, गोल चक्र फिरत राहते, आणि सकाळी पाहावे तर पडद्याचा रंग बदललेला, चित्रे इकडची तिकडे, आणि रोजची हिशेबाची फाईल उघडायला गेले की ती भलतेच काही विचारते. अशा वेळी घरातले कोणीतरी म्हणते, "तुझं ते फुकटचं सॉफ्टवेअर, चालणारच नव्हतं नव्या विंडोजवर!" आणि आपल्यालाही ते खरे वाटू लागते.

मैत्रिणींनो, ते खरे नाही. आज कित्येक घरांत गृहिणीच संगणकावर काही ना काही सांभाळीत असते. कुणी बचत गटाची खजिनदार असते, कुणी डब्यांचा व्यवसाय करते, कुणी सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते लिहिते, कुणी शिकवणीच्या मुलांची फी मांडते. त्यांतल्या पुष्कळजणी 'लिबरऑफिस' हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम वापरतात. तो नव्या विंडोजवर उत्तम चालतो. प्रश्न असतो तो आधी करायच्या थोड्या तयारीचा आणि नंतर न घाबरता चार गोष्टी तपासण्याचा. त्याच गोष्टी आज पाहू.

ओटा, भांडी आणि जिन्नस

संगणकात तीन थर असतात, ते आधी नीट वेगळे करून घ्या. पहिला थर विंडोजचा. हा आपला स्वयंपाकघराचा ओटा. दुसरा थर प्रोग्रॅमचा, म्हणजे लिबरऑफिस, वर्ड, एक्सेल वगैरे. ही भांडी. तिसरा थर तुमच्या फाईलींचा. हा डब्यातला जिन्नस. तो तुमच्या कष्टाचा आहे आणि बाजारात विकत मिळत नाही.

ओटा नवा बसवला म्हणून डब्यातले तांदूळ बदलत नाहीत. भांडी एक वेळ माळ्यावर गेली तरी पुन्हा काढता येतात. लिबरऑफिस हरवले तर अर्ध्या तासात पुन्हा घालता येते, तेही एक पैसा न देता. फाईल गेली तर मात्र वर्षभराचे हप्ते पुन्हा कोण आठवून लिहिणार? म्हणून काळजी करायची ती फाईलची, प्रोग्रॅमची नव्हे. एवढे मनात पक्के झाले की निम्मी भीती तिथेच जाते.

हे फुकट कसे काय?

"फुकट ते पौष्टिक नसतं," असे आपल्याला लहानपणापासून ऐकवलेले असते. म्हणून या प्रोग्रॅमचे कूळ थोडे सांगते.

जर्मनीतल्या स्टार डिव्हिजन नावाच्या कंपनीने 'स्टारऑफिस' हा प्रोग्रॅम बनवला होता. १९९९ साली सन या अमेरिकन कंपनीने ती कंपनी विकत घेतली आणि २००० साली त्या प्रोग्रॅमची सगळी आतली रचना जगाला खुली केली. तोच 'ओपनऑफिस'. पुढे २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलने घेतली. तेव्हा त्यावर काम करणाऱ्या अनेकांनी वेगळी चूल मांडली, आणि सप्टेंबर २०१० मध्ये 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' या संस्थेची व लिबरऑफिसची घोषणा झाली. ही संस्था नफ्यासाठी चालत नाही. जगभरचे लोक त्या प्रोग्रॅममध्ये भर घालतात, चुका दुरुस्त करतात, भाषांतरे करतात.

याला 'ओपन सोर्स' म्हणतात. काही घरांत गोड्या मसाल्याचे प्रमाण सुनेलासुद्धा सांगत नाहीत; काही घरांत ते शेजारणीला लिहून देतात आणि वर म्हणतात, "तुला जे वाटेल ते बदल, आणि चांगलं झालं तर मलाही सांग." ओपन सोर्स ही दुसरी रीत. कृती उघडी असल्यामुळे कुणा एकाचे दुकान बंद झाले तरी मसाला बनवणे थांबत नाही.

आणि ही काही फक्त घरगुती वापराची वस्तू नव्हे. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याच्या सरकारने २०२४ साली आपल्या सुमारे ३० हजार सरकारी संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हा "आमचं आपलं साधंच आहे" म्हणून ओशाळायचे कारण नाही.

अपडेट की 'फॉरमॅट'? आधी हे विचारा

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने नेहमीचा आधार देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्यामुळे घरोघरी विंडोज ११ घालण्याची लगबग सुरू झाली. ही नवी सिस्टिम दोन रीतींनी येते, आणि त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पहिली रीत म्हणजे जुन्यावरच नवे चढवणे. यात तुमच्या फाईली आणि प्रोग्रॅम जसेच्या तसे राहतात. लिबरऑफिसही राहते. दर महिन्याला येणारी लहान अपडेटेही याच जातीची. ती बहुधा कळतसुद्धा नाहीत.

दुसरी रीत म्हणजे 'फॉरमॅट मारणे'. दुरुस्तीवाल्याला हे सोपे पडते. पण यात संगणकाचा मुख्य भाग, ज्याला 'सी ड्राईव्ह' म्हणतात, तो धुऊनपुसून काढला जातो. सगळे प्रोग्रॅम जातात. आणि पुष्कळजणींना ठाऊक नसते ती गोष्ट अशी, की 'डेस्कटॉप'वर आणि 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवलेल्या फाईलीही नेहमी याच सी ड्राईव्हवर असतात. डोळ्यांसमोर दिसतात म्हणून त्या सुरक्षित असे आपण समजतो, आणि जातात त्याच आधी!

एका तालुक्याच्या गावची गोष्ट. बचत गटाच्या खजिनदार वहिनींनी संगणक हळू चालतो म्हणून दुरुस्तीला दिला. परत आला तो नवाकोरा होऊन. लिबरऑफिसचे चित्र गायब. मुलगा म्हणाला, "वहिनी, तुमचं ते फुकटचं आता चालत नाही. मी दुसरं टाकलंय, पाचशे द्या." टाकलेले 'दुसरे' म्हणजे महागड्या प्रोग्रॅमची चोरटी प्रत होती. नशीब एवढेच की वहिनींनी हिशेब पेन ड्राईव्हवरही ठेवला होता. त्यांच्या भाचीने लिबरऑफिस पुन्हा घातले आणि तीन वर्षांचे हप्ते जसेच्या तसे पुढ्यात आले. पेन ड्राईव्ह नसता तर? गटातल्या बायकांनी दर महिन्याला घरखर्चातून बाजूला काढलेले पैसे, कुणाचे कर्ज किती फिटले आणि कुणाचे किती राहिले, हे सगळे केवळ आठवणीवर आले असते. आणि पैशाच्या बाबतीत दोघींच्या आठवणी कधी सारख्या असतात का?

म्हणून दुरुस्तीवाल्याला संगणक देताना स्पष्ट शब्दांत विचारा, "वरून अपडेट करणार की फॉरमॅट करणार?" तो "काही काळजी करू नका" म्हणाला तर पुन्हा विचारा. कापड शिवायला देताना आपण गळा किती, बाह्या किती हे सांगतोच ना?

चोरट्या प्रतीविषयीही दोन शब्द. ती स्वस्त पडते असे वाटते. पण तिच्यातून काय आत शिरेल याचा भरवसा नसतो, आणि ज्या संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करतो तिथे असला पाहुणा नको. मोफत आणि कायदेशीर वस्तू हाताशी असताना चोरीची वस्तू विकत घेण्यात कोणता शहाणपणा?

अपडेटच्या आधीची अर्ध्या तासाची तयारी

१. सगळ्या कामाच्या फाईली एका फोल्डरमध्ये गोळा करा. फोल्डरला 'गट हिशेब', 'सोसायटी' असे सरळ नाव द्या. 'न्यू फोल्डर दोन' हे नाव आठवड्यानंतर आपल्यालाच कळत नाही.

२. तो फोल्डर पेन ड्राईव्हवर उतरवून घ्या. उतरवल्यावर पेन ड्राईव्हवरूनच एक फाईल उघडून पाहा. नुसते नाव दिसणे म्हणजे फाईल शाबूत असणे नव्हे. दुसरी प्रत स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवलीत तर आणखी चांगले.

३. हिशेबाच्या फाईलीतले तीन आकडे कागदी वहीत लिहून ठेवा: एकूण जमा, एकूण येणे, आणि शेवटच्या नोंदीचा क्रमांक. अपडेटनंतर हे तीन आकडे जुळले की तुमचा जीव भांड्यात पडेल.

४. लिबरऑफिसची कोणती आवृत्ती आहे ती पाहा. वरच्या 'हेल्प' यादीत शेवटी 'अबाउट लिबरऑफिस' असते. २०२४ पासून आवृत्तीचा क्रमांक साल आणि महिना यांवरून देतात. २४.८ म्हणजे २०२४ चा ऑगस्ट. दर वर्षी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये नवी आवृत्ती निघते. क्रमांक ५ किंवा ६ ने सुरू होत असेल तर तुमची प्रत फारच जुनी आहे, नवी घ्या. नवी प्रत जुनीच्या जागी बसते, फाईलींना हात लावत नाही.

५. ज्या अक्षरवळणात, म्हणजे फॉन्टमध्ये, तुम्ही मराठी टाईप करता त्याचे नाव लिहून ठेवा. याचे कारण पुढे येईलच.

लिबरऑफिस घ्यायचे ते मूळ संस्थेच्या 'लिबरऑफिस डॉट ऑर्ग' या ठिकाणाहूनच घ्या. तिथे देणगीचे आवाहन दिसेल. द्यावीशी वाटली तर द्या, पण ती सक्तीची नाही.

अपडेटनंतर: कुठे काय अडते?

फाईल भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडते. नव्या विंडोजला कोणते भांडे कशासाठी हे पुन्हा सांगावे लागते. फाईलीवर माऊसचे उजवे बटण दाबा, 'ओपन विथ' निवडा, मग 'चूज अनदर ॲप'. यादीतून लिबरऑफिस कॅल्क (हिशेबासाठी) किंवा रायटर (मजकुरासाठी) निवडा आणि 'ऑलवेज' दाबा. पुन्हा विचारणार नाही.

फाईल जागेवर दिसत नाही. विंडोज ११ मध्ये 'वनड्राईव्ह' नावाची मायक्रोसॉफ्टची साठवणीची सोय असते. ती चालू झाली की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही फोल्डर वनड्राईव्हच्या पोटात जाऊन बसू शकतात. मग लिबरऑफिस जुन्या पत्त्यावर फाईल शोधते आणि "सापडत नाही" म्हणते. फाईल एक्स्प्लोररमध्ये डाव्या बाजूला वनड्राईव्हवर जाऊन पाहा. बहुतेक वेळा तिथेच असते. या सोयीत ५ जीबीच जागा फुकट मिळते. ती भरली की संदेश सुरू होतात. लगेच पैसे भरायला जाऊ नका, आधी जड फोटो आणि चित्रफिती दुसरीकडे हलवा.

वरून चढवलेल्या अपडेटनंतर सारेच बिनसले असे वाटले, तर सुरुवातीचे १० दिवस जुन्या विंडोजवर परत जाण्याची वाट मोकळी असते. 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'रिकव्हरी' या मार्गाने 'गो बॅक' सापडेल. म्हणून तपासणी पहिल्या आठवड्यातच उरका. संक्रांतीला पाहू म्हणून ठेवू नका!

मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी गिचमिड दिसते. हे पाहून छातीत धस्स होते. पण समजून घ्या. मराठी टाईप करण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत, म्हणजे कृतिदेव, शिवाजी वगैरे फॉन्टमध्ये, आत साठवलेली अक्षरे खरे तर रोमनच असतात. तो फॉन्ट त्यांना मराठीचा पोशाख घालतो. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की पोशाख उतरतो आणि आतले रोमन उघडे पडते. मजकूर शाबूत असतो. तोच फॉन्ट पुन्हा घातला की अक्षरे परत येतात. म्हणून तर फॉन्टचे नाव लिहून ठेवायला सांगितले.

दुसरी पद्धत 'युनिकोड'ची. यात 'क' हा क म्हणूनच साठवला जातो, मग फॉन्ट कोणताही असो. मोबाईलवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडच. असा मजकूर फॉन्ट बदलला तरी वाचता येतो, फार तर ओळी थोड्या पुढेमागे होतात. विंडोजमध्ये पूर्वी नेहमी दिसणारा 'मंगल' हा फॉन्ट विंडोज १० पासून जास्तीच्या फॉन्टांच्या गठ्ठ्यात गेला, आणि 'निर्मला' हा नेहमीचा झाला. तुमची जुनी पत्रे मंगलमध्ये असतील आणि वळण वेगळे दिसू लागले असेल तर 'सेटिंग्ज'मध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा आणि तिथून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घाला.

माझे सांगणे असे, की जुन्या पद्धतीतले महत्त्वाचे कागद सवडीने युनिकोडमध्ये आणून ठेवा. त्यासाठी अक्षरे पालटणारे प्रोग्रॅम मिळतात. पालटल्यावर जोडाक्षरे आणि रफार तेवढे डोळ्यांखालून घाला. पापड वाळवताना एकदा उलटावे लागतात तसे हे काम. एकदाच करायचे, मग वर्षानुवर्षे निर्धास्त.

मराठीचा कळफलकच नाहीसा झाला. फॉरमॅटनंतर हे होतेच. 'सेटिंग्ज'मध्ये 'टाईम अँड लँग्वेज', मग 'लँग्वेज अँड रीजन' येथे मराठी भाषा जोडा. 'फोनेटिक' कळफलक घेतलात तर इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराने मराठी उमटते. ही सोय विंडोजमध्ये २०१९ पासून आहे. इंग्रजीतून मराठीत जायला विंडोजचे बटण धरून स्पेसबार दाबा.

तारखा उलट्या झाल्या. ही गोष्ट लहान दिसते, पण हिशेबात सर्वांत घातक हीच. विंडोज नव्याने घालताना देश म्हणून अमेरिका राहून गेली, तर लिबरऑफिसही अमेरिकेची रीत धरते. तिथे महिना आधी लिहितात. तुम्ही ५/३ असे लिहिता ५ मार्चच्या हप्त्यासाठी, आणि कॅल्क ते ३ मे समजते! कुणाचा हप्ता वेळेवर आला आणि कुणाला दंड लावायचा, सगळा घोळ. नवी नोंद करण्यापूर्वी 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लँग्वेजेस अँड लोकेल्स', 'जनरल' येथे जा आणि 'लोकेल'च्या जागी 'इंग्लिश, इंडिया' निवडा. मग तारीख आपल्या रीतीने येईल, चलन रुपयांत येईल, आणि लाखाचा आकडा १,००,००० असा आपल्या पद्धतीने स्वल्पविराम घेऊन येईल. त्याच पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'समोर मराठी निवडलेली आहे ना, तेही पाहून घ्या.

पडदा काळा होतो, अक्षरे फाटल्यासारखी दिसतात, प्रोग्रॅम उघडताच बंद पडतो. बहुतेक वेळा नव्या विंडोजचे आणि चित्र दाखवणाऱ्या यंत्रणेचे जमत नसते, किंवा लिबरऑफिसच्या जुन्या सेटिंग्ज बिघडलेल्या असतात. 'हेल्प'मध्ये 'रीस्टार्ट इन सेफ मोड' असते. प्रोग्रॅम उघडतच नसेल तर स्टार्ट मेनूत 'लिबरऑफिस सेफ मोड' शोधा. तिथे आधी 'कॉन्फिगर'मधून 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' बंद करून पाहा. नाहीच जमले तर शेवटचा उपाय म्हणजे सेटिंग्ज मूळपदावर आणणे. यात तुम्ही लावून घेतलेली बटणे आणि शब्दसंग्रह जातील, पण फाईलींना धक्का लागणार नाही.

एवढे झाले की वहीतले ते तीन आकडे काढा आणि पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. जुळले? मग झाले! अपडेट पार पडले.

दुसऱ्याला फाईल देताना

लिबरऑफिसची स्वतःची फाईल 'ओडीटी' (मजकूर) आणि 'ओडीएस' (हिशेब) या जातीची असते. ही जात २००६ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली. मायक्रोसॉफ्टच्या वर्ड-एक्सेललाही ती २००९ पासून उघडता येते. तरीही व्यवहारात हा नियम पाळावा:

स्वतःकडे ठेवायची मूळ प्रत ओडीटी-ओडीएसमध्येच ठेवा. जिला नुसते वाचायचे किंवा छापायचे आहे तिला पीडीएफ द्या. 'फाईल' यादीतून 'एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ' केले की झाले. पीडीएफमध्ये फॉन्टही सोबत जातो, म्हणून मराठी कुठेही तशीच दिसते. जिला त्यात बदल करायचे आहेत आणि जी वर्ड वापरते तिला 'सेव्ह ॲज' करून डॉकएक्स पाठवा. जतन करताना "वर्ड फॉरमॅट की ओडीएफ फॉरमॅट?" असे विचारणे ही तक्रार नव्हे; ती कोणत्या डब्यात भरू एवढीच विचारणा आहे.

वर्डमधून आलेल्या कागदात ओळी सरकतात ही नेहमीची तक्रार. कारण बहुतेक वेळा फॉन्ट. तिकडच्या कॅलिब्री आणि केंब्रिया फॉन्टांच्या जागी लिबरऑफिस त्याच मापाचे कार्लिटो आणि कॅलाडिया वापरते, म्हणून इंग्रजी मजकूर फारसा हलत नाही. मराठीत मात्र दोघींनी एकच फॉन्ट वापरायचे ठरवून घेणे बरे. एक्सेलमधले 'मॅक्रो', म्हणजे आपोआप चालणारी कामे, तेवढी इकडे पूर्णपणे चालतीलच असे नाही. साधी बेरीज-वजाबाकी, टक्केवारी, व्याज यांना काही होत नाही.

काही नेहमीच्या शंका

आमचा संगणक जुना आहे, विंडोज ११ घेत नाही. नवा घ्यावाच लागेल का?

लगेच नाही. विंडोज ११ साठी निदान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा, ठरावीक प्रोसेसर आणि 'टीपीएम २.०' हा सुरक्षेचा भाग लागतो. जुन्या यंत्रांत तो नसतो. विंडोज १० साठी नावनोंदणी करणाऱ्यांना सुरक्षेची अपडेटे मिळण्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. लिबरऑफिस विंडोज १० वरही चालते. दुसरा मार्ग 'लिनक्स मिंट'सारख्या मोफत सिस्टिमचा. तिच्यात लिबरऑफिस आधीच घातलेले असते, आणि तुमच्या फाईली तिथे तशाच उघडतात. मात्र हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या, आणि आधी पेन ड्राईव्ह भरा.

आमच्याकडे अजून विंडोज ७ आहे.

मग लिबरऑफिसची ऑगस्ट २०२५ ची २५.८ किंवा नंतरची आवृत्ती त्यावर चालणार नाही; विंडोज ७ आणि ८ यांचा आधार तिथून काढला. आधीची २५.२ चालते. पण अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नका, असे मी आग्रहाने सांगेन.

ओपनऑफिस आणि लिबरऑफिस एकच ना?

दोघी एकाच घरातल्या, पण आता संसार वेगळे. ओपनऑफिसमध्ये फार थोडी भर पडते, आणि डॉकएक्स फाईल उघडता आली तरी त्या रूपात जतन करता येत नाही. लिबरऑफिस घेणे चांगले. ओपनऑफिसमधल्या जुन्या फाईली ते सहज उघडते.

वीज गेली की केलेले काम जाते. उपाय?

'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लोड/सेव्ह', 'जनरल' येथे आपोआप नोंद ठेवण्याची वेळ १० मिनिटांची असते. ती ५ करा. शेजारीच 'ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी' आहे, त्यावरही खूण करा. तरीही मधून मधून कंट्रोल आणि एस दाबण्याची सवय सोडू नका.

शेवटी, किल्ली कुणाकडे?

हे सगळे यजमानांवर किंवा मुलावर सोपवता येईल, हे खरे. ते मदतही करतील. पण बचत गटाचा हिशेब तुमच्या सहीचा आहे. सभेत प्रश्न आला तर उत्तर तुम्हांला द्यायचे आहे. "हे घरी नाहीत, ते आल्यावर फाईल उघडून दाखवते," असे दहा जणींसमोर म्हणावे लागणे बरे नव्हे. दोन वेळा असे झाले की गटातली एखादी मनात म्हणतेच, हिशेब नक्की ठेवतं कोण?

पूर्वी घरातल्या कर्त्या बाईच्या कनवटीला कोठीच्या किल्ल्या असत. धान्य किती, तूप किती, हे तिला न विचारता कुणी सांगू शकत नसे. आजच्या कोठीचे दार पडद्यावर आहे एवढेच. फाईल कुठे आहे, तिची दुसरी प्रत कुठे आहे आणि ती कशाने उघडते, या तीन गोष्टी स्वतःला ठाऊक असल्या की ती किल्ली आपल्याकडे आहे असे समजा. मग विंडोज ११ येवो की आणखी कोणते. येणाऱ्या महिन्याचे हप्ते त्याच पानावर, त्याच रकान्यात, तुमच्याच हाताने लिहिले जातील.

तेव्हा आज दुपारी भांडी आवरली की पेन ड्राईव्ह शोधून ठेवा. अपडेटची पाटी आज येईल की उद्या, ते आपल्या हातात नाही; तयारी मात्र आहे.